कडी

रात्री पावणेबाराला मोबाइल थरथरला. अनोळखी खात्यावरून एकच ओळ : ‘तुझा दाभोलकर करू.’ स्क्रीनशॉट काढला, मग दाराची कडी दोनदा तपासली. (तिसऱ्यांदाही; हिला सांगितलं नाही.)

सकाळी धाकटा म्हणाला, “दादा, पिस्तुलाच्या परवान्याला अर्ज कर.” १९५९चा शस्त्र कायदा, पोलीस चौकशी, प्रशिक्षण... मिळेलही. पण २० ऑगस्ट २०१३ला डॉक्टर दाभोलकर सकाळी फिरायला निघाले होते, ओंकारेश्वर पुलावर त्यांना अगदी जवळून गोळ्या घातल्या. कमरेला पिस्तूल असतं तरी हात पोचला असता? आणि घरात ठेवायचं कुठे? कपाटाची किल्ली डाळीच्या डब्यामागे असते, हे आमच्या सात वर्षांच्या चिमीला पाठ आहे.

दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, “स्क्रीनशॉटची प्रिंट आणा, दोन प्रती.”