रुपयातले चौदा आणे

दुखणं रात्री वाढतं. दिवसा त्याला वाटेकरी असतात. दारात दूधवाला येतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, शेजारीण चौकशीला डोकावते, नातवंडं पायात येतात. रात्री घर निजलं की माणूस आणि त्याचं दुखणं असे दोघेच उरतात. कूस बदलावी तर कळ येते, न बदलावी तर ठणका थांबत नाही. तहान लागलेली असते, पण एका घोटासाठी कोणाला उठवायचं म्हणून घसा कोरडाच राहतो. अशा रात्री काढणाऱ्या माणसाचा चेहरा दिवेलागणीपासूनच उतरू लागतो. पुढचं त्याला ठाऊक असतं.

मुतखड्याची कळ मला माहीत आहे. पाठीतून उठून जांघेत उतरणारी, माणसाला जमिनीवर लोळवणारी, उलट्या काढणारी ती कळ लोक बाळंतकळांच्या पंक्तीला बसवतात, ते उगीच नाही. पण तिला शेवट आहे. इंजेक्शन बसतं, हळूहळू पकड सैल होते, आणि खडा पडून गेला की माणूस पुन्हा कामाला लागतो. त्या दुखण्याची गोष्ट सांगता येते, कारण ती संपलेली असते. जे संपत नाही, उद्या आजच्यापेक्षा जास्तच असणार अशी ज्याची खात्री असते, ते दुखणं निराळं. ते मी आत्याच्या अंगात पाहिलं.

आत्या लोणंदजवळच्या एका खेड्यात राहायची. स्तनाचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले आणि परत आले. काही वर्षं ती पूर्वीसारखी शेतावर जात होती. मग कंबर धरली. आधी सगळ्यांनी वात म्हणून सोडून दिलं. तपासणीत कळलं की रोग मणक्यात उतरला आहे.

तिथून पुढे तिचं जग रोज थोडं थोडं लहान होत गेलं. शेत सुटलं, मग गोठा, मग चूल, मग ओसरी. शेवटी एक बाज उरली, आणि बाजेवरही उजवी कूस तेवढी तिची. डावीकडे वळताच येत नव्हतं. ती ओरडत नसे. ओठ आत दुमडून घेई आणि भिंतीकडे बघत राही. आले-गेले म्हणत, "किती सोसते बाई! तोंडातून ब्र काढत नाही." हे कौतुक मला त्या काळात ऐकवेनासं झालं. आपल्याकडे सोसण्याला, त्यातून बाईच्या सोसण्याला, फार मोठा मान आहे. भोग म्हणून सोसायचं, प्रारब्ध म्हणून सोसायचं, घरच्यांना त्रास नको म्हणून सोसायचं. एकदा माणूस सोशिक ठरला की त्याला कण्हायचीही चोरी होते. निवारता येण्यासारखी वेदना कोणाला सोसायला लावण्यात मला कसलीही थोरवी दिसत नाही.

घरगुती उपाय चालू होते, आणि ते अगदीच वाया जात नव्हते. निर्गुडीचा पाला गरम करून शेक, तव्यावर तापवलेली ओव्याची पुरचुंडी, तळपायांना तेल. तिची सून पाठीवरून नुसता हात फिरवत बसली तरी आत्याचा श्वास जरा संथ होई. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोघांनी 1965 साली मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे सरळ जात नाही, वाटेत मज्जारज्जूत त्याला एक फाटक लागतं. स्पर्शाचे निरोप नेणारे जाड, वेगवान तंतू जागे झाले की हे फाटक काहीसं लोटलं जातं. वरून मेंदूही ते उघडतो, मिटतो. भीतीनं, जागरणानं, एकटेपणानं ते सताड उघडं पडतं. जवळ कोणी बसलं तर थोडं मिटतं. त्या मांडणीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. धडपडलेल्या पोराच्या गुडघ्यावर आई हात फिरवून फुंकर घालते आणि पोर रडायचं थांबतं, ते फसवलं गेल्यामुळे नव्हे. त्याचं दुखणं खरोखर कमी झालेलं असतं.

पण हाडात वाढणाऱ्या गाठीपुढे मायेचा हात किती पुरणार? गोळ्याही होत्या, "अगदीच सहन झालं नाही तर घ्या" असं सांगून दिलेल्या. ह्या 'अगदीच'नं आत्याचा फार छळ केला. ती पुरती मोडून पडेपर्यंत गोळी मागत नसे. मागितली की लागू पडायला वेळ जाई, आणि तोवर दुखणं गोळीच्या आवाक्याबाहेर गेलेलं असे. जवळच्या शहरात एका डॉक्टरांकडे मॉर्फिनचा विषय काढला, तर त्यांनी हात झटकले. ती शेवटची औषधं, आत्ताच कशाला, सवय लागेल. ज्या बाईला रात्रभर डोळ्याला डोळा लावता येत नाही तिला कसली सवय लागायची, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

शेवटी पुण्याला वेदनेवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे तिला नेलं. गाडीत मागच्या सीटवर गाद्या घालून, प्रत्येक गतिरोधकाला ब्रेक लावत. बाईंनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली, खुर्ची ओढून आत्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, किती दुखतंय ते मला सांगा. काहीच नाही म्हणजे शून्य, आणि ह्याहून जास्त असूच शकत नाही म्हणजे दहा."

आत्यानं थोडा विचार केला. "दहात नाही सांगता यायचं बाई. रुपयात सांगते. चौदा आणे."

बाईंनी कागदावर तसंच लिहिलं, चौदा आणे. मग विचारलं, कुठं आणि कसं. कमरेत ठणका, रात्रंदिवस. डाव्या मांडीतून खाली आग, अन् मधेच वीज गेल्यागत सणक. हेही त्यांनी वेगवेगळं टिपून घेतलं. ठणका हाडाचा होता. आग आणि सणक दबलेल्या नसेची. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही, तिथे अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन अशी औषधं लागतात. म्हणून डॉक्टरांनी 'कसं दुखतं' हे विचारणं म्हणजे निम्मा उपचार असतो. इतक्या दवाखान्यांत आत्याच्या गाठीचा आकार मोजला गेला होता. तिच्या दुखण्याला माप लावणारं माणूस तिला तिथे पहिल्यांदा भेटलं.

"मॉर्फिन सुरू करू," बाई म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे बघून पुढे बोलत राहिल्या. मॉर्फिन म्हणजे मरण जवळ आलं असं नाही, दुखणं तेवढं मोठं आहे इतकाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या: आधी पॅरासिटॅमॉलसारखी साधी औषधं, मग कोडीनसारखी सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. ते शक्यतो तोंडानं द्यायचं आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं. दुखेल तेव्हा नाही, दर चार तासांनी. पहिल्या गोळीचा अंमल ओसरायच्या आत दुसरी. निजताना दुप्पट, म्हणजे मधे उठायला नको. डोस थोड्यापासून सुरू करून बेतानं वाढवायचा. असं दिलं तर श्वास दडपत नाही, आणि वेदनेसाठी घेणाऱ्या माणसाला व्यसन सहसा लागत नाही. पहिले काही दिवस गुंगी येईल, मळमळेल, मग शरीर जुळवून घेईल. बद्धकोष्ठ मात्र जाणार नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच. शिवाय कमरेला एकदा लाईट, म्हणजे रेडिएशन. हाडाच्या दुखण्याला पुष्कळदा एकच बैठक पुरते, गुण यायला थोडे आठवडे लागतात.

मग त्यांनी आत्याला विचारलं, "तुम्हाला काय काय करता यायला हवंय?"

"डाव्या कुशीवर झोपायचंय."

बाईंनी तिला एक क्रम सांगितला. आधी रात्रीची झोप. ती जमली की स्वस्थ बसल्या-पडल्या दुखू नये. ते जमलं की हिंडता-फिरताना दुखू नये. तिसरं पुरतं जमेलच असं वचन देत नाही, पण पहिलं नक्की. मला ह्या बोलण्याचा फार आधार वाटला. रोग हटणार नव्हता, तरी करण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्याला क्रमही होता.

पहिलं जमलं. आत्या झोपली. सून दोनदा उठून तिच्या छातीचं वरखाली होणं बघून आली, इतकी ती झोप घराला अनोळखी झाली होती.

ही गोळी ज्या झाडापासून येते त्याचं बी आपल्या स्वयंपाकघरात असतं. अनारशावर थापतो ती खसखस अफूच्याच बोंडातली. बोंड हिरवं असताना त्याला चिरा देतात, चीक पाझरतो, सकाळी खरवडून घेतात, ती अफू. पाडरबोर्नच्या एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या सेर्ट्युर्नर नावाच्या तरुणानं 1805 च्या सुमारास तिच्यातून मॉर्फिन वेगळं काढलं. आपल्या देशात मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या पट्ट्यात सरकारी परवान्यानं ही शेती होते. गाझीपूरचा अफूचा कारखाना 1820 पासूनचा आहे. जगाच्या औषधांसाठी इथून अफू जाते. आणि त्याच देशात मणक्यात कर्करोग उतरलेली माणसं पॅरासिटॅमॉलच्या एका पाकिटावर रात्र काढतात. हे मला सहन होत नाही, आणि कोणालाही होऊ नये असं वाटतं.

ह्याचं मोठं कारण 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा. हेतू तस्करी रोखण्याचा होता, पण शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होत, आणि एका औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं, रुग्णालयांनी मागवणं सोडलं. बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. तेवढ्या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध हाताळायला न शिकताच बाहेर पडली, आणि त्या डॉक्टरांची भीती रुग्णाच्या घरापर्यंत पोचली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कोझिकोडला अशा रुग्णांच्या वेदना कमी करण्याचं काम उभं केलं, आणि पुढे केरळात शेजारपाजारची माणसं शिकून घरोघर जाऊ लागली. त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीनं 2014 साली कायदा दुरुस्त झाला. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. कागदावरचा अडसर निघाला. मनातला निघायला अजून वेळ आहे. तालुक्याच्या गावी आजही ही गोळी सहज मिळत नाही.

पण दुखणं एकट्या गोळीवर ठरत नाही, त्याचा अर्थ काय लागतो त्यावरही ठरतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर ह्या डॉक्टरला दिसलं की भयंकर जखमी झालेले कित्येक सैनिक वेदनाशामक मागतच नाहीत. त्यांच्यासाठी जखमेचा अर्थ होता जिवंत सुटका, घरी परत. आत्याच्या प्रत्येक कळेचा अर्थ उलटा होता. लंडनच्या सिसिली साँडर्सना ही गोष्ट नीट उमगली होती. त्या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारं घर, उघडलं. वेदना नुसती शरीरात नसते, मन, नातीगोती, पैसा, देव ह्या सगळ्यांत तिची मुळं असतात, म्हणून सगळीकडे बघायचं, हे त्यांचं शिकवणं. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून चालणारं शांती अवेदना सदन ह्याच परंपरेतलं, देशातलं पहिलं हॉस्पिस.

आत्याच्या बाबतीत ह्याचा पडताळा अवचित आला. दुखणं चौदा आण्यांवरून चार-पाचावर उतरलं, आणि त्या आठवड्यात ती पहिल्यांदा रडली. घरात घबराट झाली, औषध लागत नाही की काय. बाई फोनवर म्हणाल्या, लागलंय म्हणूनच रडतायत, रडू द्या. इतके महिने तिला भ्यायलाही उसंत मिळाली नव्हती. आता ती उघडपणे विचारू लागली, किती दिवस आहेत, म्हैस कोण बघणार, धाकट्याच्या लग्नाचं काय. ठेच्यात लसूण कमी पडल्याचं तिला कळू लागलं. डाव्या कुशीवर वळून तिनं कितीतरी दिवसांनी खिडकीबाहेरचा चिंचेखालचा गोठा पाहिला आणि शेण काढलेलं नाही म्हणून नातवाला हाक मारली.

दिरानं बांध कोरून तिच्या रानातली पट्टी आत ओढली होती. आजारपणात तो विषय बाजूला पडला होता. एका संध्याकाळी तिनं त्यांना बोलावून घेतलं. मला वाटलं आता सगळं माफ करून टाकेल. ती पाठीला दोन उशा लावून बसली आणि कोणत्या साली कोणता दगड कुठून कुठे सरकला, ते खणखणीत आवाजात एकेक सांगू लागली. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता तिनं घड्याळाकडे पाहिलं, "सहाची गोळी दे गं," म्हणून सुनेला हाक मारली, गोळी गिळून वर घोटभर पाणी प्यायली आणि विहिरीच्या पाळीचा मुद्दा काढला.