गणेशखिंडीतला मनोरा

आमच्या चिंचोळी एमआयडीसीत इमारत म्हणजे पत्र्याची शेड. लांबलचक, सरळ. देखणी असल्याचा आव ती आणत नाही. परवा नातीच्या एम.ए.च्या प्रवेशासाठी पुणे विद्यापीठात गेले आणि मुख्य इमारतीसमोर बराच वेळ नुसतीच उभी राहिले.

ही वास्तू मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ साली काम सुरू झालं, ते १८७१ पर्यंत चाललं. जेम्स ट्रबशॉ हे वास्तुशिल्पकार. ऐंशी फुटी मनोरा मात्र ऑस्बोर्न हाऊसच्या धर्तीचा. वाइट बेटावरचं हे व्हिक्टोरिया राणीचं आवडतं घर. प्रिन्स अल्बर्टने टॉमस क्युबिटच्या मदतीने ते इटालियन थाटात बांधून घेतलं होतं. म्हणजे इटलीची नक्कल इंग्लंडात आणि तिची नक्कल आमच्या गणेशखिंडीत! खर्च इतका झाला की विलायतेच्या पार्लमेंटातही बोभाटा झाला. गंमत म्हणजे, इतकं सगळं करून खाली भुयार... स्वयंपाकघराकडून नोकरांनी त्यातून ये-जा करायची.

वर्गात चापेकर बंधू शिकवताना मी 'गणेशखिंडीच्या रस्त्यावर' एवढंच सांगून पुढे जायचे. २२ जून १८९७ च्या रात्री रँड याच बंगल्यातला हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून निघाला होता. इतकी वर्षं शिकवलं, पण ते घर कधी डोळ्यांसमोर आलंच नव्हतं.

१९७२ साली बी.ए. झाले तेव्हा एम.ए.चा इथला फॉर्म मागवला होता. तेव्हा हे विद्यापीठ होऊन तेवीस वर्षं झालेली. पण त्या वर्षी दुष्काळ पडला. वडील म्हणाले, "आधी पोटाचं बघू." मी शिक्षिका झाले. फॉर्म ट्रंकेत कित्येक वर्षं होता. असो.

या वेळी मुलगाही तेच म्हणत होता, "मराठी घेऊन पोट भरतं का?" मी वाद घातला नाही. पेन्शनमधून फी भरली.

"आजी, तू आधी कधी आली होतीस का गं इथं?" नातीने विचारलं.

"फॉर्म आला होता माझ्याकडे," म्हटलं.

तिला काही कळलं नाही. तिने मला पायरीवर उभं करून मोबाइलवर फोटो काढला. घरी येऊन बघते तर मनोरा अर्धाच आलाय, माझ्या चपला मात्र स्पष्ट.