डम्बोचा तंबू आणि आपलं कुरुंदवाड

दोस्तांनो, 'डम्बो' पाहिलाय ना? नसेल तर आईबाबांना विचारा, त्यांनी नक्की पाहिला असेल! वॉल्ट डिस्नेचा हा कार्टूनपट १९४१ सालचा, जेमतेम ६४ मिनिटांचा. सर्कशीत जन्मलेलं हत्तीचं पिल्लू, कान सुपाएवढे. आपण गणपतीला शूर्पकर्ण म्हणून हात जोडतो. इथं मात्र त्याच कानांवरून सगळे त्याला हिणवतात. खोडकर पोरं त्याला छळतात तेव्हा आई चिडते, आणि तिलाच साखळदंड घालून कोंडतात. गजांच्या खिडकीतून ती सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते, तिथं भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. टिमोथी उंदीर मात्र त्याची साथ सोडत नाही. आणि सिनेमाभर डम्बो एक शब्दही बोलत नाही, लक्षात आलं होतं का?

डम्बोच्या आईचं नाव मिसेस जम्बो. जम्बो नावाचा खराखुरा हत्तीही होता बरं का! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून १८८२ साली बार्नम नावाच्या सर्कसवाल्यानं त्याला अमेरिकेला नेलं. १८८५ साली कॅनडात आगगाडीच्या धडकेनं तो मेला.

त्याच सुमाराला आपल्याकडे सर्कस सुरू झाली. कुठं? मुंबईत नव्हे, कोलकात्यात नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठी, कुरुंदवाडला! नरसोबाच्या वाडीहून पूल ओलांडला की आलंच. पटवर्धनांचं हे छोटंसं संस्थान. तिथं घोडे शिकवायला होते विष्णुपंत छत्रे. ग्वाल्हेरला जाऊन ते अश्वविद्या शिकून आले होते. गाण्याचाही भारी नाद. असं सांगतात, की मुंबईत कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली होती आणि 'हिंदी लोकांना हे जमायला अजून वेळ आहे' अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. झालं! पंत इरेला पेटले. सर्कशीच्या इतिहासात त्यांच्या पहिल्या खेळाची तारीख २० मार्च १८८० अशी दिलेली असते, आणि जागा राजवाड्यासमोरचं मैदान. काही पुस्तकांत कुरुंदवाडऐवजी 'कुर्डुवाडी' छापलेलं सापडतं. ते वाचून सोलापूरकडची गाडी पकडू नका; तिथं ना राजा होता ना राजवाडा!

छत्र्यांच्या सर्कशीबरोबर एक थोर गवई हिंडत असत, रहिमतखाँ. लोक यायचे घोडे बघायला आणि ऐकून जायचे ख्याल. खाँसाहेबांचा शेवटचा काळही कुरुंदवाडलाच गेला. पंत पुढे केरळात तेल्लिचेरीला गेले, तिथं कीलेरी कुञ्ञिकण्णन या कसरतीच्या शिक्षकांशी त्यांची गाठ पडली आणि तिकडे सर्कशीचे कलावंत घडू लागले. आमच्या पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेत बार्नमच्याच परंपरेतल्या रिंगलिंग सर्कशीत वाघसिंहांचे खेळ करत. म्हणजे 'डम्बो' पडद्यावर आला तेव्हा खऱ्या तंबूत आपला मराठी माणूस उभा होता.

पण डम्बोच्या आईची साखळी विसरून चालायचं नाही. पिंजरा, चाबूक, सततचा प्रवास. जनावरांचे हाल व्हायचेच. १९९८ साली सरकारनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या यादीत हत्ती नव्हता! मला विचाराल तर बंदी योग्यच झाली. मात्र तंबू ओस पडले, आणि ज्यांची अख्खी हयात तिथं गेली त्या माणसांचं काय, हे विचारायला फारसं कुणी गेलं नाही. घरी या विषयावर वाद घालून बघा. आजोबा एका बाजूला असतील आणि तुम्ही दुसऱ्या.

कुरुंदवाडला जायचं तर जयसिंगपूरला रेल्वेतून उतरा, पुढे एसटी. भर पावसाळ्यात नको. २००५ आणि २०१९ साली गावात केवढं पाणी शिरलं होतं! गणेशोत्सवात जमलं तर उत्तम, इथल्या काही मशिदींतही गणपती बसतो. राजवाड्याची जागा विचारायला लाजू नका. आणि परतताना वाडीला कवठाची बर्फी घ्याच, थोडी जास्तच घ्या, बसमध्येच संपते.