अरणगाव आणि रॉनीचा बेस

नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावात मेहेरबाबांची समाधी लागते. बाबांनी १९२५पासून मौन पाळलं. त्यांना मानणारा रॉनी लेन मात्र लंडनच्या गोंगाटातला. ग्लॅम रॉकच्या झगमगत्या काळात तो 'फेसेस'मध्ये बेस वाजवायचा. बेस म्हणजे गाण्याची जमीन. सगळे उभे तिच्यावर, नजर मात्र गायकाकडे.

१९७३मध्ये, बँड जोरात असताना, त्यानं तो सोडला. पुढच्या वर्षी तंबू घेऊन गावोगाव निघाला, आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखा. पैसे बुडाले. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसनं शरीर थकवलं. १९९७मध्ये तो गेला.

मीही लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. घरचे विचारतात, "यात पुढे काय?" तेव्हा मला रॉनीचा तंबू आठवतो. तोट्यातला, पण स्वतःचा.