पाठीमागची ओळख

दिवाळी उलटली की हिंगणघाटच्या जिनिंगांकडे कापूस निघतो. आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टेम्पोच जास्त, तरी बंडी, म्हणजे बैलगाडी, अजून संपलेली नाही. पूर्वी बंडीच्या खाली, दोन चाकांच्या मधे, कंदील टांगलेला असे. बैलांच्या चालीबरोबर तो हळूहळू डावी-उजवीकडे झुले. मागून येणाऱ्याला अंधारात बंडी दिसत नसे, ती हाकणारा धुरकरी दिसत नसे. दिसे तो जमिनीलगतचा पिवळा, हलता ठिपका. तेवढ्यावरून कळे की पुढे बैल आहेत, त्यांची चाल माणसाच्या चालीएवढीच आहे आणि बाजूने जाताना जपून जायचे आहे. नुसता दिवा असता तर इतके कळले नसते. तो झुलत होता म्हणून कळत होते.

घडीच्या सायकलीला मागचा दिवा घ्यायचे ठरवले तेव्हापासून हा कंदील माझ्या मनात आहे. दुकानात दिव्यांची खोकी पालथी करताना किती लुमेन, किती तासांची बॅटरी, किती प्रकारची उघडझाप, हे सगळे खोक्यांवर छापलेले होते. मला हवे होते त्याचे उत्तर मात्र कुठेच छापलेले नव्हते: या दिव्याकडे बघून मागच्याला मी कोण आहे ते कळेल का?

घडीची सायकल वर्ध्यासारख्या गावात कशाला, असे लोक विचारतात. वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही दोन स्टेशने आहेत आणि हिंगणघाट, चंद्रपूर, बल्लारशाकडच्या बहुतेक गाड्या सेवाग्रामवरून जातात. माझे काम हिंगणघाटला. घरून सेवाग्राम स्टेशनपर्यंत सायकल, मग ती मिटून डब्यात, उतरल्यावर पुन्हा उघडून पुढे. परतताना हिवाळ्यात दिवस केव्हाच मावळलेला असतो. ही सायकल मला फार प्रिय आहे. तिची वीस इंची चाके लवकर वेग धरतात, गर्दीत ती सहज वळते. पण ती लहान दिसते, आणि अंधारात लहान दिसणारी वस्तू लांब आहे असे वाटते. म्हणून तिचा मागचा दिवा जास्त विचार करून लावायला हवा.

आधी जागेचा प्रश्न. साध्या सायकलीला दिवा सीटच्या पाइपवर लावतात. घडीच्या सायकलीचा हा पाइप मिटताना पूर्ण खाली जातो; पुष्कळ सायकलींत तर तो पॅडलच्या कण्याखाली उतरून मिटलेल्या सायकलीचा पाय बनतो. तिथे पक्का क्लॅम्प लावला की सायकल अर्धवट मिटते. शिवाय पाइप जाड. दाहोनसारख्या सायकलींचा सीटपाइप ३३.९ मिलिमीटर असतो, आणि बरेच क्लॅम्प २७ च्या आसपासच्या नळीसाठी बनवलेले, ते त्याला मिठीच मारू शकत नाहीत. रबरी पट्ट्याचा दिवा बसतो, पण दर वेळी काढावा लागतो. तिसरी गोष्ट मला दिवा हातात धरून मागे उभा राहिल्यावर उमगली. सीटचा पाइप मागे कललेला असतो, त्यामुळे त्यावर चपटा बसवलेला दिवा मागे न बघता खाली, डांबराकडे बघतो. ज्याचा उजेड मागच्याच्या डोळ्यांत जायचा, तो रस्त्यावर सांडतो.

सीटखालच्या तारांना दिवा लटकवला तर तो सदऱ्याच्या घोळाखाली झाकतो. मडगार्डच्या टोकाला लावला तर फार खाली जातो आणि चिखलाने माखतो. उरले कॅरिअर. त्याच्या मागच्या कडेला उभी पट्टी असते आणि तिला भोके असतात. तिथे दिवा सरळ मागे बघतो, पिशवी लादली तरी झाकला जात नाही, सायकल मिटतानाही आडवा येत नाही. आमच्या चौकातल्या सायकल मिस्त्रींनी नटाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, म्हणाले, ‘‘ह्या रस्त्याइनं नट ढिल्ला होते, रबर असलं का धरून राहते.’’ मग मला वीस पावले मागे पाठवून स्वतः हाताने दिवा वर-खाली करत राहिले, मी ‘‘आता बरोबर’’ म्हणेपर्यंत. एवढ्या आस्थेने केलेले काम मला फार मोलाचे वाटते.

सायकलीला कारखान्यातून आलेला लाल रिफ्लेक्टर होताच. तो पुरेसा नाही का? रिफ्लेक्टर आलेला उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो. कारचा चालक आपल्या हेडलाइटच्या जवळ बसलेला असतो, त्याला तो लखलखीत दिसतो. ट्रकचा चालक हेडलाइटच्या बराच वर बसतो. परतलेल्या उजेडातला थोडाच त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. म्हणजे ज्याला सगळ्यात आधी दिसायला हवे, त्यालाच तो मंद दिसतो. शिवाय डिपरच्या झोतात येईपर्यंत रिफ्लेक्टर नसल्यासारखाच. हिशेब साधा आहे. मागचे वाहन तासाला ऐंशी किलोमीटरने आणि मी पंधराने, तर आमच्यातले अंतर दर सेकंदाला अठरा मीटरने घटते. साठ मीटरवर दिसलो तर त्याच्या हातात तीन सेकंद. तीनशे मीटरवर दिसलो तर सोळा. या तेरा सेकंदांसाठी दिवा लावायचा.

आता उघडझाप. दुकानदार तीच आधी दाखवतात, कारण ती डोळ्यात भरते. दिवसा किंवा बाजारातल्या झगमगाटात तिचा उपयोग आहे. पण काळोख्या रस्त्यावर दिवा विझतो त्या क्षणात मागच्याची नजर सुटते, आणि अंतर किती ते त्याला पुन्हा नव्याने अजमावावे लागते. जर्मनीच्या नियमांत सायकलीचा मागचा दिवा लुकलुकणारा चालत नाही. ब्रिटनने २००५ मध्ये तो चालवून घेतला. मी जर्मनांच्या बाजूचा. स्थिर दिवा घेतला, आणि मंद. रात्री फार प्रखर दिवा मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलस्वाराला आंधळे करतो, आणि त्याच्याकडे तर बहुधा दिवाच नसतो.

पण स्थिर लाल ठिपका मोटारसायकलचाही असतो. म्हणजे ओळखीचा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर पायांत मिळाले. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली होतात. घोट्याला चकाकणारी पट्टी बांधली तर ती आणखी ठळक. माणसाच्या सांध्यांची हालचाल मेंदू विलक्षण वेगाने ओळखतो. स्वीडनच्या गुन्नर योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हे दाखवून दिले: काळोखात सांध्यांवरचे काही ठिपकेच दिसत असले, तरी ते हलू लागताच बघणाऱ्याला चालता माणूस दिसतो. वर लाल स्थिर दिवा, खाली आळीपाळीने उतरणारे-चढणारे दोन ठिपके: हे दुसरे कोणी असूच शकत नाही, सायकल मारणारा माणूसच आहे. बंडीखालच्या कंदिलाचे झुलणे मला इथे सापडले.

दिवा कशावर चालावा, हे ठरवताना मगनवाडीची आठवण झाली. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली कामाला लागला. तिथे ‘मगनदीप’ नावाचा कंदील तयार झाला. तो बाहेरून येणाऱ्या घासलेटावर न चालता वनस्पती तेलावर चालायचा. तेल घासलेटापेक्षा दाट, वातीतून तितक्या सहज चढत नाही. म्हणजे नुसते इंधन बदलून भागत नाही, दिव्याचाच विचार नव्याने करावा लागतो. आपल्या गावातला उजेड आपल्या गावात पिकणाऱ्या वस्तूवर चालावा यासाठी इथल्या माणसांनी डोके खर्ची घातले, याचा मला अभिमान वाटतो. तशी ऐपत माझी नाही. पण आतली बॅटरी संपली की फेकून द्यावा लागणारा दिवा मी घेतला नाही. रिमोटचे दोन सेल लागणारा घेतला. ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, आणि चार्ज होणारेही त्यात चालतात.

माझा दिवा झाला, पण रस्त्यावर हळू जाणारा मी एकटाच नाही. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. तिथे सायकलीला आणि दुचाकीला मज्जाव आहे, आणि त्या वेगाला तेच योग्य. पण त्यामुळे बाकीच्या रस्त्यांवर हळू चालणाऱ्यांचा हक्क आपोआप शाबूत राहत नाही. त्या रस्त्यांवर बंडी आहे, सोयाबीनची ट्रॉली आहे, कामावरून परतणारा मजूर त्याच्या काळ्या सायकलीवर आहे. ट्रॉलीचा मागचा दिवा बहुतेक वेळा फुटलेला, किंवा मालाखाली गेलेला. वेगवान माणसाकडे दोन-दोन हेडलाइट आणि संथ माणसाकडे काही नाही, ही मला रस्त्यावरची सगळ्यात मोठी विषमता वाटते. ती थोडक्या पैशांत कमी करता येते. बाजार समितीच्या फाटकावर आणि जिनिंगच्या काट्यावर प्रत्येक गाडी थांबतेच. तिथे वजनाबरोबर मागे लाल चकाकती पट्टीही लावून द्यावी. कुणाला सक्ती नको, दंड नको. कापसाच्या हंगामापुरते एक माणूस आणि पट्टीची रिळे, इतकेच.

तोवर माझ्या पिशवीत पट्टीचे एक रीळ आणि कात्री असते. थांबलेली बंडी दिसली की विचारून लावतो. परवा एका धुरकऱ्याने मला मधेच थांबवले. ‘‘वर नोका लावू भाऊ, कडबा भरला का लोंबते, झाकून जाईन. खाली लावा, चाकाजवळ.’’ मग मीही खाली वाकलो, आणि त्यांनी चाकावरची माती हाताने पुसून जागा करून दिली.