अपराधी कोण?

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केल्यावर, आम्ही लागोपाठ पाच कादंबऱ्या वाचल्या. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याने मराठी कादंबऱ्यांविषयी मत द्यावे काय, असा प्रश्न आमचे सहाध्यापक उपस्थित करतील. पण मत देण्याचा अधिकार वाचनाने येतो, पगाराने नव्हे, असे आम्ही मानतो.

आरंभ केला तो बाबूराव अर्नाळकरांच्या एका झुंजारकथेने. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला विद्वानांनी पंक्तीबाहेर बसविले, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. समोरचा चहा निवून गेला तरी आम्हांस शुद्ध नव्हती. ही थोरवी लहान नव्हे. मात्र पुस्तक मिटल्यावर मन इतके निश्चिंत का होते, याचा विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रहस्यकथेत अखेर अपराधी सापडतो. आणि तो सापडला की बाकीचे सारे निर्दोष ठरतात. वाचकावर तर कोणाचा संशयही नसतो.

त्यानंतर रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२). पानिपतानंतर, १७६१ साली, अवघ्या सोळा वर्षांचे माधवराव पेशवाईची वस्त्रे घेतात. चुलत्याशी झगडत, क्षयाने झिजत, १७७२ साली थेऊरला देह ठेवतात. रमाबाई सती जातात. भाषा ठिकठिकाणी अंमळ अधिकच दागिने घालून येते, तरी आमचे डोळे ओले झाले हे नाकारीत नाही. पण ऐतिहासिक दुःखाची एक सोय असते. त्याला आपण जबाबदार नसतो. रडावे, तोंड धुवावे आणि स्वस्थपणे जेवावयास बसावे.

पुढच्या तीन पुस्तकांनी मात्र ही सोय ठेवली नाही.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. बालपणाची प्रकरणे फार रेंगाळतात, असा आक्षेप आम्हीही पूर्वी घेत असू. या वेळी तो मागे घेतो. यमूचे ते हसणेबागडणे कानात भरले नसते, तर पुढचे तिचे मुकेपण आम्हांस ऐकूच आले नसते. शंकरमामंजी दुष्ट आहेत खरे. परंतु सगळा दोष त्यांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. भोवती शिकलेली, सुधारणेच्या गोष्टी बोलणारी माणसे आहेत, तरी नवरा गेल्यावर यमूच्या मस्तकावर वस्तरा फिरतोच.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आकाराने अगदी लहान, पण वाचून उठल्यावर दोन दिवस दुसऱ्या पुस्तकास हात लावावासा वाटला नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. त्यांतली हॅर्टा, आणि तिच्यावर जीव जडलेला आपला चक्रधर विध्वंस. मुंबई येते. तिला उतरता येत नाही, तो उतरतो. मग तिची पत्रे येतात, आणि शेवटी तिच्या अंताची वार्ता. चक्रधर दुष्ट नाही, भ्याडही म्हणवत नाही. तो केवळ उतरतो.

शेवटी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. लोकांची पत्रे लिहितो, त्यांच्याकडून तालीम उभी करवितो. मग दुष्काळ पडतो, मेंढरे जातात, त्यांच्यामागे माणसे जातात, आणि वाडी ओस पडते. लेखक कोठेही गळा काढीत नाही. दुष्काळ अडविणे मास्तरच्या हाती नव्हते. पण कोणत्या घरातले कोण गेले, हे त्याला ठाऊक होते.

येथे आम्ही अडलो. आम्हीही मास्तरच. बऱ्याच वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी वर्गात येईनासा झाला. आम्ही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली. पुढे वर्षभराने बाजारात एका किराणा दुकानात तो तराजू धरून उभा दिसला. लगबगीने बाहेर येऊन पाया पडला आणि म्हणाला, “सर, त्या टेसचे पुढे काय झाले हो?” हार्डीची ती कादंबरी त्या वर्षी आम्ही शिकवीत होतो. आम्ही खूष झालो. टेसला फाशी कशी होते, ते तेथेच उभे राहून सविस्तर सांगितले. त्याने कॉलेज का सोडले, हे विचारावयाचे मात्र राहून गेले.

त्या गोष्टीत दुष्ट कोणी नव्हते. झुंजारला धाडले असते तरी हाती बेडी घालण्यासारखा मनुष्य त्याला सापडला नसता. कादंबरीचा प्रकार कोणता, ती जुनी की नवी, हा वाद आम्ही यापुढे वर्गापुरता ठेवू. कोणती कादंबरी आपल्याला निर्दोष सोडते आणि कोणती सोडीत नाही, एवढेच आता आम्ही पाहतो. हरिभाऊंनी तर मुखपृष्ठावरच विचारून ठेवले आहे. इतकी वर्षे आम्ही ते पुस्तकाचे नाव समजत होतो.