‘ई’ दाबलं की गड बांधता यायचा

नव्वदच्या दशकात आम्ही साताऱ्याची मुलं सांगलीला शिकत होतो, तेव्हा कॉम्प्युटर घरी नसे, लॅबमध्ये असे. चपला दाराबाहेर काढायच्या आणि नेमून दिलेल्या तासाला त्याच्यापुढे बसायचं. त्याच दिवसांत पुण्याहून एका मित्राने फ्लॉपीवर ‘झेडझेडटी’ आणला. टिम स्वीनी या अमेरिकन तरुणाने टर्बो पास्कलमध्ये लिहून १९९१ साली बाहेर काढलेला हा गेम. त्यात चित्रं नव्हतीच. ८० रकाने, २५ ओळी, १६ रंग आणि डॉसची अक्षरं-चिन्हं. नायक म्हणजे निळ्या चौकोनातला पांढरा हसरा चेहरा.

पण पहिल्याच पडद्यावर ‘ई’ दाबलं की एडिटर उघडायचा आणि ६० बाय २५ घरांचा कोरा पट आपला व्हायचा. ठिपक्यांची हिरवी झाडी, निळं पाणी, भक्कम भिंती. आम्ही अजिंक्यतारा बांधला, माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आखला. पटाच्या कडेला दुसरा पट जोडता यायचा, म्हणून नदीच्या काठाने पट जोडत कऱ्हाडवरून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत पोचलो. दरवाजावर पहारेकरी म्हणून एक अक्षर उभं करायचं आणि त्याला चार ओळी शिकवायच्या: धक्का लागला की बोल, मग स्वतःच किल्ली हो. संवाद मराठीत, पण रोमन लिपीत. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसवर देवनागरी दाखवायचं, पण आमच्या लॅबमध्ये ते नव्हतं.

आज त्याच स्वीनींच्या एपिक कंपनीचं ‘अनरिअल इंजिन’ हे गेम घडवायचं साधन सांगलीतली एखादी मुलगी घरच्या लॅपटॉपवर फुकट उतरवून घेते. तिच्या गडाच्या दगडावर ऊन सरकतं, पहारेकरी देवनागरीत बोलतो. याचा मला मनापासून आनंद आहे. खंत आहे ती तिच्या धाकट्या भावाची. तो तासन्‌तास मोबाइलवर खेळतो, पण त्या गेमच्या आत शिरायला दारच नाही. खेळणं आणि घडवणं यांत आमच्या वेळी एका बटणाचं अंतर होतं. आता मध्ये कित्येक जीबींचं डाउनलोड आणि महिनोन्‌महिन्यांचा अभ्यास आहे.

‘झेडझेडटी’चा पुन्हा रचलेला सोर्स कोड २०२० साली स्वीनींच्या परवानगीने खुला झाला आणि आज तो गेम ब्राउझरमध्येही चालतो. साताऱ्या-सांगलीच्या शाळांनी सहावी-सातवीच्या मुलांना तो जरूर द्यावा. आधी खेळू द्यावं, मग ‘ई’ दाबायला सांगावं आणि आपापलं गाव रचू द्यावं.